दोन बादशहांचे दोन दिवाण
(शिया-सुन्नी वैराच्या वाचनाविषयी काही विचार)

इराणचे नाव बातमीत आले आणि समोर एखादे अरब किंवा तुर्की राष्ट्र असले की आपल्याकडील वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते. "शिया आणि सुन्नी यांचे चौदाशे वर्षांचे वैर." एवढे लिहिले की लिहिणाऱ्याचे काम संपते आणि वाचणाऱ्याचेही समाधान होते. तेल, बंदरे, सरहद्दी, सैन्य, व्यापार यांपैकी कशाचीही चौकशी करण्याची गरज मग उरत नाही. दुःखाची बाब अशी की हे वाक्य आपल्या समाजातही तितक्याच सहजतेने उच्चारले जाते. मशिदीबाहेरच्या गप्पांत, लग्नाच्या मांडवात, कधी कधी आपल्या साहित्यिकांच्या भाषणांतही. आम्हाला या वाक्याची तपासणी करावीशी वाटते, आणि ती साहित्याच्या आधाराने. कारण तहनाम्यात आणि फतव्यात जे येत नाही, ते कवितेत पुष्कळदा येऊन जाते.

प्रथम या वाक्यात खरे काय आहे ते मान्य केले पाहिजे. इ. स. ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निधन झाले आणि त्यांच्यानंतर उम्मतचे नेतृत्व कोणी करावे यावर मतभेद झाले. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसेन (र.) आणि त्यांचे सोबती शहीद झाले. या घटनांनी मुस्लिम अंतःकरणावर जी जखम केली ती आजही ओली आहे. तिचे महत्त्व कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. नेतृत्वाविषयीचा हा मतभेद म्हणजेच इराण आणि त्याचे शेजारी यांच्यातील सत्तास्पर्धा, असे म्हणता येईल काय?

इतिहास तसे सांगत नाही. करबलानंतर आठशे वर्षे इराणमधील बहुसंख्य मुसलमान सुन्नी होते. ज्या सहा हदीस-संग्रहांना सुन्नी जग 'सिहाह-ए-सित्ता' म्हणून मान देते, त्यांच्या संकलकांची गावे पाहावीत. इमाम बुखारी बुखाऱ्याचे, इमाम मुस्लिम निशापूरचे, अबू दाऊद सिजिस्तानचे, तिरमिजी तिरमिजचे, नसाई नसा गावचे आणि इब्न माजा कजवीनचे. हा सर्व मुलूख आजच्या इराणातला किंवा त्याला लागून असलेल्या मध्य आशियातला आहे. इमाम गजालीही तूसचेच. उलट सोळाव्या शतकात इराणच्या राज्यकर्त्यांना शिया फिकह शिकवणारे उलमा हवे झाले, तेव्हा ते मोठ्या संख्येने लेबनॉनच्या जबल आमिल या डोंगराळ भागातून आणावे लागले, आणि ते अरब होते. म्हणजे सुन्नी हदीसचे थोर संकलक इराणी प्रदेशाने दिले आणि इराणला शिया शास्त्र शिकवायला अरब आले. 'शिया इराणी विरुद्ध सुन्नी अरब' ही समजूत इथेच डळमळीत होते.

मग हे वैर केव्हा उभे राहिले? त्याची तारीख बरीच जवळची आहे. १५०१ साली शहा इस्माईल या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलाने तबरीज जिंकले आणि इस्ना अशरी शिया पंथ हा आपल्या राज्याचा धर्म असल्याचे जाहीर केले. त्याचे घराणे अर्दबीलच्या शेख सफीउद्दीन (१२५२-१३३४) या सूफींचे. हे शेख सफी स्वतः शाफई सुन्नी होते. म्हणजे आपल्या कोकणातील मुसलमान ज्या मसलकाचे आहेत, त्याच मसलकाचे. त्यांच्या खानकाहचे हळूहळू लष्करी संघटनेत रूपांतर झाले, पूर्व अनातोलियातील तुर्कमान टोळ्या तिच्या मुरीद बनल्या आणि त्यांच्या लाल टोप्यांवरून त्यांना 'किझिलबाश' हे नाव पडले. या मुरिदांची घरे उस्मानी सुलतानाच्या मुलखात होती आणि निष्ठा मात्र तबरीजच्या शहावर होती. कोणत्याही सुलतानाची झोप उडवायला एवढे पुरेसे होते.

२३ ऑगस्ट १५१४ रोजी चाल्दिरानच्या मैदानात सुलतान सलीमने आपल्या तोफा आणि बंदुकांच्या जोरावर शहा इस्माईलचा पराभव केला. शिया-सुन्नी सत्तास्पर्धेचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक याच लढाईपाशी थांबतात. आम्हालाही इथेच थांबायचे आहे, पण या दोन बादशहांच्या हातातील तलवारी पाहण्याऐवजी त्यांच्या हातातील कलम पाहायची आहे. कारण दोघेही कवी होते आणि दोघांचेही दिवाण आज उपलब्ध आहेत.

इराणचा शहा इस्माईल 'खताई' या तखल्लुसने लिहीत असे. त्याचा दिवाण मुख्यतः तुर्कीत आहे. उस्मानी तुर्कांचा सुलतान सलीमही शायर होता आणि त्याचा दिवाण फारसीत आहे! इराणी बादशहाची कविता तुर्की आणि तुर्की सुलतानाची कविता फारसी. ही केवळ गंमत म्हणून सांगून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. या दोन दिवाणांत त्या सत्तास्पर्धेचे सगळे मर्म आहे असे आम्हाला वाटते.

खताईची कविता कोणासाठी होती? तबरीजच्या दरबारातील फारसी पंडितांसाठी ती नव्हती. ती अनातोलियातील घोडेस्वार, मेंढपाळ, रात्री साज वाजवून गाणाऱ्या तुर्कमानांसाठी होती. त्यांना कळेल अशा बोलीत तो स्वतःला हजरत अलींच्या नुराचा वारस म्हणवतो, पीर म्हणवतो, आणि काही ठिकाणी तर असे दावे करतो की ते इस्ना अशरी शिया उलमांनाही मान्य होण्यासारखे नाहीत. मिनोर्स्की या रशियन अभ्यासकाने १९४२ साली या कवितेची विस्ताराने चर्चा केली तेव्हा तिच्यातील या टोकाच्या श्रद्धेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तेव्हा ही कविता भक्तीची आहेच, पण ती सैन्यभरतीची हाकही आहे. सुलतानाच्या प्रजेला तिच्याच भाषेत घातलेली ही साद होती. सलीमला भीती होती ती या सादेची.

सलीमचा फारसी दिवाण बहुतांशी गझलच्या ठरलेल्या चाकोरीतला आहे. विरह, माशुकाची जुल्फ, रात्र, शराब हा सारा सरंजाम त्यात आहे. कारागिरी उत्तम, पण कवीचे स्वतःचे जगणे त्यात क्वचितच डोकावते. काव्य म्हणून आम्ही खताईला वरचा दर्जा देऊ, कारण त्याच्यासमोर ऐकणारा माणूस आहे आणि सलीमसमोर फक्त परंपरा आहे. मात्र सलीमने फारसी का निवडली, हे ध्यानात घेतले पाहिजे. फारसी ही त्या काळी इस्तंबूलपासून दिल्ली-दौलताबादपर्यंत सुसंस्कृतपणाची भाषा होती. शत्रूच्या देशाची म्हणून ती त्याज्य आहे, असे सलीमच्या मनातही आले नाही. हा दिवाण पुढे १९०४ साली बर्लिनमध्ये जर्मन सम्राटाच्या आश्रयाने छापला गेला, आणि तोही उस्मानी सुलतानाला भेट म्हणून. खताईच्या दिवाणाचे नशीब आणखी विलक्षण. ज्या भूमीत त्याचे मुरीद मारले गेले, त्याच तुर्कस्तानात अलेवी आणि बेक्ताशी समाज त्याच्या रचना आजही आपल्या मेळाव्यांत गातो.

आता कोणी म्हणेल की कविता काहीही असो, कत्तल तर धर्माच्या नावानेच झाली ना? होय, झाली. चाल्दिरानपूर्वी उस्मानी उलमांनी किझिलबाश हे काफिर असल्याचे फतवे दिले. अनातोलियात सलीमने किझिलबाशांना धरून मारले. बखरींत चाळीस हजार हा आकडा येतो. आजचे इतिहासकार तो फुगवलेला मानतात, पण दडपशाही झाली यात शंका नाही. तिकडे इस्माईलनेही सुन्नी उलमांना मारले, पहिल्या तीन खलिफांना जाहीर दूषणे देण्याची प्रथा राज्याच्या आज्ञेने सुरू केली आणि जबरदस्तीने पंथांतर घडवले. इथे कोणा एका बाजूला धुऊन काढण्याचे कारण नाही.

पण फतव्यानंतर सलीमने काय केले, तेही पाहिले पाहिजे. दोनच वर्षांनी, १५१६ मध्ये, तेच सैन्य आणि त्याच तोफा घेऊन तो दक्षिणेकडे वळला आणि मर्ज दाबिकच्या लढाईत त्याने इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा पराभव केला. १५१७ मध्ये कैरो घेतले. ममलूक कोण होते? सुन्नी. मक्का-मदिनेचे खादिम. त्यांच्याविरुद्ध लढण्यासाठीही कारण शोधण्यात आले, ते असे की ममलूक हे शियांना मदत करतात! वैराचे मूळ पंथात असते तर ही दुसरी लढाई झालीच नसती. पूर्व अनातोलिया, इराक, शाम आणि रेशमाच्या व्यापाराच्या वाटा कोणाच्या हाती राहाव्यात हा खरा सवाल होता. सलीमने इराणी रेशमाच्या व्यापारावर बंदी घातली होती, ती फतव्याइतकीच बोलकी आहे.

या दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचे काय झाले, ते फुजूलीच्या कवितेत दिसते. फुजूली इराकचा. त्याने तुर्की, फारसी आणि अरबी या तिन्ही भाषांत लिहिले. १५०८ मध्ये बगदाद शहा इस्माईलने घेतले. फुजूलीने आपले एक तुर्की मसनवी-काव्य त्याला अर्पण केले. १५३४ मध्ये सुलतान सुलेमानने बगदाद घेतले. फुजूलीने त्याच्या स्तुतीचे कसीदे लिहिले. त्याला वक्फच्या शिलकीतून वजिफा मंजूर झाला, पण तो हाती पडेना, म्हणून त्याने कारकुनांविरुद्ध एक तक्रारपत्र लिहिले. ते आज तुर्की गद्याचा नमुना म्हणून वाचले जाते. याच फुजूलीने लैला-मजनू लिहिले आणि करबलाच्या शहीदांवर 'हदीकतुस्सुअदा' हा ग्रंथही लिहिला. त्याला दुटप्पी म्हणणे सोपे आहे. आम्हाला तो सामान्य रयतेचा प्रतिनिधी वाटतो. वर झेंडा बदलतो, खालच्या माणसाला भाकर त्याच दरवाजात मागावी लागते.

'हदीकतुस्सुअदा'चा आधार असलेला ग्रंथ म्हणजे हुसेन वाइज काशिफी यांचा 'रौजतुश्शुहदा'. इराणातील शिया मजलिसींत जी 'रौजाखानी' होते, तिला नाव या पुस्तकावरूनच मिळाले. हे काशिफी हेरातच्या सुन्नी दरबारात वावरणारे, नक्शबंदी सूफींशी संबंध असलेले लेखक होते. पुस्तक सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे. आणि त्याच सुमारास, १५०३ मध्ये, आपल्या जालना जिल्ह्यातील अंबडच्या सूफी घराण्यातील शहा अशरफ बियाबानी यांनी दख्खनी भाषेत 'नौसरहार' हे करबलाविषयीचे दीर्घकाव्य रचले. बियाबानी हे रिफाई सिलसिल्यातले, म्हणजे सुन्नी परंपरेतले. हेरातमध्ये एक सुन्नी आणि अंबडला एक सुन्नी एकाच सुमारास करबलाचे दुःख लिहीत आहेत, आणि तबरीजमध्ये त्याच दुःखाचे राज्यशासन बनवले जात आहे. दुःख सर्वांचे होते. त्यावर मालकी सांगण्याचे काम सत्तेने केले.

दख्खनचा उल्लेख आला आहे तर आपल्या भूमीतील पुरावाही पाहू. बिजापूरच्या युसूफ आदिलशहाने इस्माईलच्या पाठोपाठ शिया पंथ जाहीर केला. १५३७ च्या सुमारास शहा ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने अहमदनगरच्या बुरहान निजामशहानेही तो स्वीकारला. गोवळकोंड्याचे कुतुबशहा तर खुत्ब्यात सफवी शहाचे नाव घेत. तेव्हा दख्खनच्या शिया सुलतानांत तरी सलोखा असावा! पण सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या लढत राहिल्या. १५५८ मध्ये गादीवर आलेला अली आदिलशहा शिया होता, हुसेन निजामशहाही शिया होता. तरीही अली आदिलशहाने विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन अहमदनगरवर स्वारी केली. पुढे हुसेनने आपली मुलगी चाँदबिबी अलीला दिली आणि सोलापूर आंदण म्हणून दिले, तेव्हा दोघे एकत्र आले आणि १५६५ मध्ये रामरायावरच चालून गेले. यात पंथ कोठे आहे आणि धर्म तरी कोठे आहे? किल्ला मात्र सगळीकडे आहे.

इथे आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. धर्म हा निव्वळ बुरखा होता आणि आत फक्त स्वार्थ होता, असे आम्ही म्हणत नाही. काही पुरोगामी मंडळी असे म्हणून मोकळी होतात, पण तेही अर्धेच वाचन आहे. चाल्दिरानला मेलेला किझिलबाश आपल्या पीरावर खरोखर ईमान ठेवून मेला. सत्ता श्रद्धेला वापरते तेव्हा श्रद्धा तशीच राहत नाही, तीही बदलते. १५५५ च्या अमासियाच्या तहात इराणी यात्रेकरूंना मक्का-मदिना आणि इराकमधील पवित्र स्थळी जाऊ देण्याचे ठरले. १५९० च्या तहात खलिफांना दूषणे देणे थांबवण्याची अट आली. १६३९ च्या जुहाबच्या तहाने आखलेली सरहद्द थोड्याफार फरकाने आजही नकाशावर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक, राज्याला हवे होते तसे, वेगळे झाले. १७३६ मध्ये नादिरशहाने जाफरी फिकहला पाचवा मजहब म्हणून उस्मानींकडून मान्यता मिळवण्याची खटपट केली, पण भिंत तोवर पक्की झाली होती. भिंत आधी उभी राहिली आणि तिच्या पायात धर्माची मुळे नंतर खोल गेली, असा हा क्रम आहे. म्हणून मुळे खोटी ठरत नाहीत. पण ती चौदाशे वर्षांची आहेत, हे मात्र खोटे ठरते.

अलीकडचा काळ घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही. १९२९ मध्ये इराण आणि इब्न सऊद यांच्या राज्यात मैत्रीचा करार झाला. इराणच्या शेवटच्या शहाच्या काळात हे दोन्ही देश एकाच अमेरिकन छत्राखाली होते. तेव्हाही एक शिया होता आणि दुसरा सुन्नीच होता. १९७९ ची क्रांती झाली, राजेशाहीलाच आव्हान मिळाले आणि पंथाचा वाद अचानक 'प्राचीन' झाला. १९८० ते १९८८ या इराण-इराक युद्धात इराकच्या पायदळात शिया सैनिक बहुसंख्येने होते आणि ते शिया इराणविरुद्ध लढले. अझरबैजान शियाबहुल आहे, तरी आर्मेनियाशी त्याच्या झालेल्या संघर्षात इराणचे संबंध ख्रिस्ती आर्मेनियाशीच अधिक सलोख्याचे राहिले. २०१६ मध्ये सौदी अरब आणि इराण यांचे संबंध तुटले आणि मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये बसून ते पुन्हा जोडण्याचा करार झाला. चौदाशे वर्षांचे वैर चीनच्या मध्यस्थीने मिटवायला बसता येते, यावरूनच ते कशाचे वैर आहे ते समजावे.

हे सारे आपण का वाचावे? इस्तंबूल दूर आहे आणि तेहरानही दूर आहे. पण उर्दू माध्यमाच्या वर्गात मीर अनीसचा मर्सिया शिकवताना एखादा मुलगा हात वर करून विचारतो, "सर, ये तो शियाओं का है ना?" तेव्हा हे अंतर एकदम नाहीसे होते. उर्दूच्या एका थोर कवीकडे बारा वर्षांचा मुलगा पंथाच्या दारातून पाहतो. हे त्याला कोणी शिकवले? पुस्तकात तर ते नाही. खेड्यापाड्यांतून पंजे, सवाऱ्या आणि ताबूत सांभाळणारी आपली सुन्नी घरे, त्यांच्यासोबत नवस फेडणारी हिंदू घरे, ही मोहरमची मराठी परंपरा त्या मुलाच्या आजोबांना ठाऊक होती. नातवाला दूरच्या दोन राज्यांचे भांडण ठाऊक आहे, घरचा वारसा ठाऊक नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या समीक्षेने या ठिकाणी काम करायला हवे. 'नौसरहार' लिहिला गेला त्या मातीत आपण राहतो. त्याचा मराठीत चांगला परिचय आणि अनुवाद झाला पाहिजे, आणि तो करताना 'हे कोणाचे' असा प्रश्न आधी विचारू नये.

आणखी एक कारण आहे आणि ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. "चौदाशे वर्षांचे वैर" हे सूत्र इराण-तुर्कस्तानपुरते राहत नाही. हेच सूत्र आपल्याविषयीही वापरले जाते, तेव्हा त्यातला आकडा बदलून 'हजार वर्षे' एवढाच होतो. शिवाजी महाराज आणि आदिलशाही यांच्यातील राजकीय संघर्षाचे वाचन दोन धर्मांचे सनातन युद्ध म्हणून केले जाते, तेव्हा आपण बरोबर हरकत घेतो. महाराजांच्या सैन्यातील मुसलमान आणि आदिलशाहीतील मराठा सरदार आपण दाखवून देतो. मग तोच विवेक शिया-सुन्नी प्रश्नाला का लावू नये? जो माणूस शेजाऱ्यांच्या भांडणाला 'रक्तातले' म्हणतो, त्याला आपल्या भांडणाविषयी तसे बोलणाऱ्याला अडवण्याचा अधिकार राहत नाही.

जे वैर रक्तातले मानले, त्याला कोणी जबाबदार उरत नाही. फतवा देणारा सुटतो, तोफ डागणारा सुटतो आणि तहावर सही न करणाराही सुटतो. जे वैर १५०१ नंतर माणसांनी, कारणांसाठी, आज्ञा काढून उभे केले, त्याचा मात्र हिशेब मागता येतो, आणि ते मिटवताही येते. खताई आणि सलीम यांचे दिवाण एका फळीवर शेजारी ठेवून वाचण्याचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.